शनिवारचं प्रॅक्टिकल

(गास गाव, एप्रिल २००४. दुपार कललेली. घरामागच्या अंगणात बांबूच्या मांडवावर सोललेली राजेळी केळी वाळत घातली आहेत, सुकेळ्यांसाठी. क्लेमेंटीन, तिशीतली, शाळेत विज्ञान शिकवणारी, एकेक केळं उलटते आहे. तिची आई सेलिन घरात आहे. विरारच्या चंदनसारहून आलेली सुरुची हातात वेताची टोपली घेऊन मांडवाशी उभी आहे.)

क्लेमेंटीन : टोपलीचं निमित्त कशाला हवं होतं? सरळ सांगायचंस, तुमची हकिगत लिहून घ्यायला आलेय म्हणून.

सुरुची : कसली हकिगत? मी खरंच टोपलीच द्यायला—

क्लेमेंटीन : अमिषाने सांगितलंय मला. माझ्या लुईसदादाची मुलगी, एफ. वाय.ला आहे. म्हणाली, आत्या, खानविलकर म्हणून एक ताई कॉलेजात येते, एम. फिल. करते, मुलींशी बोलते. इथे कुणी त्रास दिला का, आणि दिला असेल तर पुढे तुमच्या शिक्षणाचं काय झालं, असं विचारते. खानविलकर म्हटल्यावर मी काय ते समजले. आमच्या बाईंची मुलगी. तेव्हापासून वाट बघतेय तुझी.

सुरुची : तो अभ्यास मी करते, ते खरं. पण आज—

क्लेमेंटीन : बस आधी. उन्हात उभी नको राहूस, त्या बाकड्यावर बस. आणि बाईंना सांग, मी रागावले नाही. म्हणजे, रागावले होते. अमिषा बोलली त्या दिवशी भाजी करपवली मी. इतकी वर्षं शब्द पाळला त्यांनी, आणि शेवटी स्वतःच्या मुलीपुढे तोंड उघडलं! मग म्हटलं, जाऊ दे, लेकीच्या अभ्यासाला उपयोग होईल असं वाटलं असेल. तरी आधी मला विचारायला हवं होतं. माझं होतं ते. बॉटनी लॅबच्या मागच्या खोलीत मी होते, बाई नव्हत्या.

सुरुची : ताई, थांबा.

क्लेमेंटीन : त्याचं नाव मात्र मी घेणार नाही हं. एकदाच घेतलं होतं, तुमच्या घरी, तुमच्या डायनिंग टेबलाशी बसून—

सुरुची : थांबा ना. प्लीज, पुढे बोलू नका. आईने मला काहीही सांगितलेलं नाही.

क्लेमेंटीन : काहीच नाही?

सुरुची : तुमचं नावसुद्धा नाही. तुम्ही कोण, हे मला आत्तापर्यंत माहीत नव्हतं. दर उन्हाळ्यात आमच्याकडे सुकेळी यायची. ‘गासहून आली’ एवढंच आई म्हणायची. मी समजायचे, कुणीतरी जुनी विद्यार्थिनी असेल.

क्लेमेंटीन : मग आज कशी आलीस? टोपली आणणारा प्लासिड रोज फुलं घेऊन विरारला येतो. त्याच्याकडे दिली असतीस तरी टोपली पोचली असती.

सुरुची : तो आला तेव्हा मी घरी नव्हते. शेजारी ठेवून गेला. त्याला कुणी काही सांगितलंच नाही. म्हणून मला वाटलं, ज्यांनी पाठवली त्यांना आपणच जाऊन सांगावं. फुलवाल्यांकडे विचारत विचारत आले. ताई, आई गेली. फेब्रुवारीत.

सेलिन : (आतून) क्लेमेंटीन! त्या टोकाची केळी उलटलीस का नाय? एका अंगाने करपतील हां!

क्लेमेंटीन : (हातातलं केळं ठेवून सुरुचीकडे वळते.)

सेलिन : (बाहेर येत) अगो, मी काय बोलते? आनि ही कोन आली? पानी तरी दिलंस का तिला?

क्लेमेंटीन : आई, बाई गेल्या.

सेलिन : कुठं गेल्या?

क्लेमेंटीन : गेल्या, आई. आपल्या खानविलकरबाई. ही त्यांची मुलगी, सांगायला आलीय.

सेलिन : जेजू! अशी कशी गेली? तिची सुकेळी आत्ताच तर धाडली आपन. निवडून निवडून बांधली होती मी. पोरी, काय झालं गो तिला?

सुरुची : किडनीचं दुखणं होतं, मावशी. कळलं तेव्हा उशीर झाला होता. फार दिवस काढले नाहीत तिने.

सेलिन : तुझ्यामागे कोन आहे? बाप?

सुरुची : बाबा मी लहान असतानाच गेले. मी आणि आईच होतो.

सेलिन : हां. पानी आनते. तू बस. नाय, हिकडं सावलीत बस. टोपलीत काय आनलंस गो? रिकामीच आनायची. कशाला तसदी?

सुरुची : आई भांडं कधी रिकामं परत करायची नाही. मला सुचेना काय घालावं. तिच्या कुंडीतला गवती चहा मुळांसकट काढून आणलाय. माझ्याकडून पाणी घालायचं राहतं. इथे जगेल.

सेलिन : बघ, किती हिरवा आहे! थांब, त्याचाच चहा टाकते.

क्लेमेंटीन : आई, तो लावायचाय! बाईंचा आहे तो.

सेलिन : लावते पन नि टाकते पन. चार पाती तोडली तर मरत नाय तो. तुला बी. एस्सी. करून येवढं कळत नाय? बसा तुम्ही.

क्लेमेंटीन : …गेली ती आत. चूल पेटवेल आता, आणि बाईंसाठी मेणबत्ती लावेल. वेळ लागेल तिला.

सुरुची : ताई, तुम्ही आत्ता जे बोललात ते गैरसमजातून बोललात. मी ते कुठेही लिहिणार नाही. आमच्या कामात असं चालत नाही. समोरचीने स्वतःहून, विचार करून सांगितलं तरच ते आमचं.

क्लेमेंटीन : पण ऐकलंस तर खरं.

सुरुची : ऐकलं. ते पुसता येत नाही. वापरणार नाही, एवढंच माझ्या हातात आहे.

क्लेमेंटीन : काय बाई मी! तुझी आई शब्द पाळून गेली, आणि मीच आपल्या तोंडाने सगळं सांगून बसले. वर तिच्यावर रागावले. ती गेल्यावर.

सुरुची : तुम्हाला काय माहीत.

क्लेमेंटीन : भाजी करपवली तेव्हा त्या नव्हत्याच.

सुरुची : नव्हती.

क्लेमेंटीन : दर वर्षी एक टोपली पाठवायची, बस. फोन नाही, जाणं-येणं नाही. माझ्या लग्नाला आल्या, तेवढंच. भेटलो की दोघींना ते आठवणार, म्हणून नको. टोपली पोचली की समजायचं, बाई बऱ्या आहेत.

सुरुची : मी एक विचारू? अभ्यासासाठी नाही. वही आणलीच नाहीय मी.

क्लेमेंटीन : विचार.

सुरुची : आई गप्प बसली होती का?

क्लेमेंटीन : म्हणजे?

सुरुची : मी हा विषय घेतला तेव्हा पहिल्यांदा आईलाच विचारलं होतं. इतकी वर्षं त्या कॉलेजात काढलीस, कधी काही कानावर आलं? ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘तुला देण्यासारखं माझ्याकडे काही नाही.’ नाही म्हणाली नाही. माहीत नाही, असंही म्हणाली नाही. त्यावरून मला कळलं की काहीतरी आहे. पुढे दोनदा विचारलं. शेवटी हॉस्पिटलातही विचारलं. तिने तोंड भिंतीकडे केलं.

क्लेमेंटीन : देवा!

सुरुची : मी ज्या ज्या कॉलेजात जाते तिथे असे शिक्षक भेटतात. सगळं माहीत असतं, पण बोललेले नसतात. कुणाला बढती हवी असते, कुणाला नसती कटकट नको असते. माझ्या अभ्यासात त्यांचा एक वेगळा रकाना आहे. आईचं नाव मी मनातल्या मनात तिथे टाकून ठेवलंय. ते तसं ठेवून मी तिचे दिवस केले. म्हणून विचारते.

क्लेमेंटीन : गप्प बसल्या. हो.

सुरुची : बरं.

क्लेमेंटीन : ऐक पुढे, लगेच बरं म्हणू नकोस. मी बसवलं त्यांना गप्प. टी. वाय.ला होते मी. झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी लेक्चरला बसले आणि मला काही ऐकूच येईना. फळ्यावर बाई लिहीत होत्या ते दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. तास संपल्यावर बाई म्हणाल्या, ‘क्लेमेंटीन, तू माझ्याबरोबर घरी चल.’ काय झालं म्हणून विचारलंच नाही. घरी नेलं, जेवायला वाढलं. मग मीच सांगितलं.

सुरुची : मी कुठे होते?

क्लेमेंटीन : शाळेत. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकही प्रश्न नाही. मग उठल्या, आत जाऊन साडी बदलून आल्या. म्हटलं, कुठे निघालात? म्हणाल्या, ‘प्रिन्सिपॉलकडे. आणि तिथून पोलिसांत, तू हो म्हणालीस तर.’ मी दारात आडवी उभी राहिले. माझ्या मोठ्या बहिणीचं, रिटाचं, लग्न ठरलं होतं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. दोन रविवार झाले होते. तिसरा राहिला होता. मी म्हटलं, बाई, तुम्ही आज गेलात तर त्या रविवारी रिटाचं नाव पुकारलं जाणार नाही. धाकटीचं असं, मग थोरलीचं कसं, एवढंच लोक विचारतील. तुम्ही कुणालाही सांगायचं नाही. तुमच्या मुलीलासुद्धा नाही.

सुरुची : मी बारा-तेरा वर्षांची असेन तेव्हा.

क्लेमेंटीन : म्हणूनच. मुलं बोलून जातात.

सुरुची : मग आई काय म्हणाली?

क्लेमेंटीन : परत टेबलाशी बसल्या, बाहेर जायची साडी नेसून. मग म्हणाल्या, ‘ठीक आहे. पण वर्ष सोडायचं नाही.’ मला तेच तर सोडायचं होतं. त्या लॅबमध्ये पाऊल टाकायचं नव्हतं. प्रॅक्टिकल नाही म्हणजे जर्नल नाही, जर्नल नाही म्हणजे परीक्षेला बसता येत नाही. सरळ हिशेब होता. मी घरी बसून मोगरा तोडणार, आणि तो महिन्याच्या महिन्याला पगार घेणार. बाई म्हणाल्या, ‘लॅबमध्ये नको येऊस. शनिवारी इथे ये.’

सुरुची : शनिवारी.

क्लेमेंटीन : शनिवारची बॅच. विद्यार्थिनी एक.

सुरुची : तुम्ही दोन वेण्या घालायचात. आणि हातात नेहमी मोगऱ्याचा पुडा.

क्लेमेंटीन : आठवतं तुला?

सुरुची : आठवतं! माझा आईबरोबरचा वार होता तो. अर्धी शाळा असायची, आईला सुट्टी. शनिवारी आम्ही दोघी अर्नाळ्याला जायचो, समुद्रावर. एकदम बंद झालं. तुम्ही यायचात, आणि मला कॅरम खेळायला खालच्या काकूंकडे पाठवायचे. मला तुमचा इतका राग यायचा.

क्लेमेंटीन : माहीत आहे. दार तूच उघडायचीस. मला आत ये म्हणायचं नाही. तिथूनच ओरडायचीस, ‘आई, तुझी ती आली!’

सुरुची : शी!

क्लेमेंटीन : ‘तुझी ती’! बाई दर वेळी आतून म्हणायच्या, ‘सुरू, तिला नाव आहे.’ पण खरं सांगू? मला बरं वाटायचं ते. कॉलेजात सगळ्यांशी नीट वागताना जीव जायचा. तू तेवढी एकटी माझ्यावर उघड उघड चिडायचीस. वाटायचं, हिला काहीच माहीत नाही. या घरात मी नुसती एक आगाऊ मुलगी आहे.

सुरुची : त्या टेबलावर तुम्ही करायचात काय?

क्लेमेंटीन : अगं, सगळं. बाई मायक्रोस्कोप घरी आणायच्या, पंच्यात गुंडाळून, कापडी पिशवीत घालून. कॉलेजात सांगायच्या, दुरुस्तीला नेतेय. तो मायक्रोस्कोप वर्षभर बिघडलेलाच होता! शिपाई म्हणाला म्हणे, बाई, आता टाकून द्या हा. देठांचे काप मी ब्लेडने घ्यायचे, रंगवायचे, बघायचे, काढायचे. काप जाड यायचा. बाई म्हणायच्या, ‘पुन्हा घे. देठ आपल्या केळीचाच आहे, संपत नाही.’ एकदा लाल रंगाची बाटलीच उलटली माझ्याकडून, टेबलभर.

सुरुची : तो डाग! तो रंगाचा आहे? आई मला कोकम सांडलं म्हणायची.

क्लेमेंटीन : अजून आहे?

सुरुची : आहे की. मी दोनदा टेबल पॉलिशला काढलं, तिने देऊ दिलं नाही. म्हणाली, डागाने काय बिघडतंय, वर ताट ठेवलं की झाकतो.

क्लेमेंटीन : बाई!

सुरुची : आणि परीक्षा? ती तर लॅबमध्येच झाली असेल. तो नव्हता?

क्लेमेंटीन : होता ना. बाहेरचे परीक्षक आले होते, त्यांच्या पुढेपुढे करत होता. माझ्या टेबलाकडे यायला लागला. बाई सकाळपासून माझ्या शेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या. उठल्या नाहीत, आवाज चढवला नाही. म्हणाल्या, ‘सर, तुम्ही बाहेर थांबा. इथे हवा लागत नाही.’ परीक्षकांसमोर. तो गेला बाहेर. माझा काप त्या दिवशी इतका पातळ आला! बाईंनी नुसतं बघितलं माझ्याकडे.

सुरुची : तो पुढेही होता कॉलेजात?

क्लेमेंटीन : होता. काही वर्षं. मग दुसरीकडे गेला, मोठ्या पदावर.

सुरुची : दुसऱ्या मुली असतील.

क्लेमेंटीन : मला माहीत नाही. हा प्रश्न तू विचारणार होतीस, मला ठाऊक होतं. मी तो रोज विचारते. तेव्हा बाईंना जाऊ दिलं असतं तर. तिसरा रविवार चुकला असता तर चुकला असता. रिटाला दुसरा मुलगा मिळाला असता.

सुरुची : तुम्ही वीस वर्षांच्या होतात.

क्लेमेंटीन : बाईही हेच म्हणायच्या. पण त्यांनाही ते छळत असणार. नाहीतर त्याच्या प्रत्येक बॅचला त्या लॅबमध्ये कशाला जाऊन बसल्या असत्या?

सुरुची : कुठे बसायची?

क्लेमेंटीन : लॅबमध्ये, मागच्या बाकावर, वह्यांचा गठ्ठा घेऊन. माझ्यानंतरच्या मुलींनी सांगितलं मला. त्याची दुपारची बॅच सुरू झाली की बाई हजर. शेवटची मुलगी बाहेर पडेपर्यंत उठायच्या नाहीत. त्याने विचारलं तर म्हणायच्या, ‘स्टाफरूमचा पंखा चालत नाही.’ तो तिथून जाईपर्यंत स्टाफरूमचा पंखा काही दुरुस्त झाला नाही.

सुरुची : (बाकड्यावरून उठते.)

क्लेमेंटीन : काय झालं?

सुरुची : आई कधी वेळेवर घरी यायची नाही. त्या सगळ्या वर्षांत. मी शाळेतून यायचे, कुलूप काढायचे, दूध तापवायचे, ते उतू जायचं. खिडकीत बसून राहायचे. विचारलं की म्हणायची, वह्या तपासायच्या होत्या. मी म्हणायचे, घरी आणून तपास ना. बाकीच्या बायका आणतात. मला वाटायचं, हिला घरी यावंसंच वाटत नाही.

क्लेमेंटीन : सुरुची.

सुरुची : ठीक आहे मी.

क्लेमेंटीन : हे घे. पदर आहे, सुती आहे, पूस. केळ्याचा चिकटा असेल थोडा.

सुरुची : आता तिला त्या रकान्यातून काढू कशी? गप्प तर ती राहिलीच.

क्लेमेंटीन : राहिली. मग नवा रकाना कर. तुझाच अभ्यास ना?

सेलिन : घ्या, चहा घ्या. दूध नाय घातलं, पातीचा वास मरतो. बशीत ओत गो, पोळशील. अगे, ही रडली वाटतं? क्लेमेंटीन, काय बोललीस तिला?

क्लेमेंटीन : काही नाही. बाईंच्या गोष्टी सांगत होते.

सेलिन : सांग, सांग. चांगली बाई. हिच्या लग्नाला आली होती, बघ. जावईच बोलला होता मला, डेरिक, ‘त्या बाईंना पहिल्या रांगेत बसवा.’ मी म्हटलं, पहिल्या रांगेत घरची मानसं. तर म्हनतो, मग त्या कोन?

क्लेमेंटीन : डेरिकला लग्नाआधी सांगितलं होतं मी. आता बोटीवर असतो, पण अजून फोनवर आधी विचारतो, बाईंची टोपली गेली का.

सेलिन : लग्नाआधी काय सांगितलंस?

क्लेमेंटीन : काही नाही, आई. कॉलेजचं.

सेलिन : हां, कॉलेजचं. मी काय विचारलंय कधी? तुम्ही शिकलेली मानसं. पन पोरी, तुला सांगते, त्या साली माझी ही पोर जेवायची नाय, बोलायची नाय. बाप म्हनाला, नजर लागली. मी फादरकडून पानी आनलं, पाजलं. काय गुन नाय. फकस्त शनिवारी तुझ्या आईकडनं आली की ताट पुरं करायची. मी म्हटलं, काय असेल ते असेल, त्या बाईला ठाऊक आहे. त्या साली पहिली टोपली मीच धाडली. हिने नाय.

क्लेमेंटीन : तू? मला वाटलं बाबांनी.

सेलिन : बापाला काय सुचतंय! चला, ऊन गेलं. केळी आत घ्यायला हवीत, दव पडेल. तुम्ही बसा, मी चटई आनते.

क्लेमेंटीन : …ऐकलंस? इतकी वर्षं मी समजते, आईला काही माहीत नाही.

सुरुची : तिने विचारलं नाही. तेही सोपं नसेल.

क्लेमेंटीन : मला सांग, त्या मुलींना तू काय विचारतेस नेमकं? त्याने काय केलं, ते?

सुरुची : नाही. ते त्यांनी सांगितलं तर ऐकते, विचारत नाही. मी पुढचं विचारते. परीक्षा दिलीत का? हजेरी कमी पडली तेव्हा कुणी काही केलं का? बॅच बदलून मिळाली का? बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येतं. त्याची चौकशी होईपर्यंत त्याला घरबसल्या पगार, आणि तिची टर्म रद्द, हजेरी भरत नाही म्हणून. नियम सगळ्यांना सारखा, म्हणतात. दोघांना सारख्याच तराजूत घालतात आणि म्हणतात, बघा, न्याय केला.

क्लेमेंटीन : आता अशा तक्रारींसाठी कमिटी असते ना? अमिषा म्हणाली, बोर्ड लावलाय.

सुरुची : सुप्रीम कोर्टाने सांगून सात वर्षं होतील. बोर्ड आहे. तुमच्या कॉलेजात मी विचारलं, कमिटी बसते कुठे? म्हणाले, ‘प्रिन्सिपॉलच्या केबिनबाहेर सोफा आहे ना, तिथे.’ येणारेजाणारे सगळे बघतात तो सोफा. तिथे कोण जाऊन बसेल?

क्लेमेंटीन : सोफा! बाईंचं टेबल बरं होतं त्यापेक्षा.

सुरुची : तेच माझं अडलंय. इतक्या मुलींशी बोलले, सगळ्यांचं काय काय गेलं ते लिहिलंय. काय केलं असतं तर गेलं नसतं, ते कुणी सांगू शकत नाही. कारण कुणी काही केलेलंच नाही. आणि आमच्याच घरात… जाऊ दे. मी तुम्हाला गळ घालत नाहीय. मला जे पाहिजे होतं ते मिळालं.

क्लेमेंटीन : अमिषा बॉटनी घेणार म्हणतेय.

सुरुची : हो?

क्लेमेंटीन : त्याच लॅबमध्ये जाईल. आता तो नाही, पण दुसरा कुणी असेल किंवा नसेल. बाई तर नाहीतच. प्रत्येक मुलीला बाई कुठून मिळणार, सुरुची? मला मिळाल्या, माझं नशीब. नशिबावर शिक्षण होतं का कुणाचं? जे त्यांनी चोरून केलं, मायक्रोस्कोप पंच्यात गुंडाळून, ते कॉलेजने उघड करायला हवं. वेगळी बॅच, वेगळे शिक्षक, परीक्षेला शेजारी स्टूल. काय जातं त्यांचं?

सुरुची : हे… हे तुम्ही मला सांगताय, की—

क्लेमेंटीन : सांगतेय. चुकून नाही, विचार करून सांगतेय. लिहून घे तू माझं.

सुरुची : आज नको.

क्लेमेंटीन : का?

सुरुची : आज तुम्हाला आई गेल्याचं कळलंय. आज तुम्ही काहीही द्याल. चार दिवस जाऊ देत. डेरिकशी बोला. मग नाही वाटलं तर नाही म्हणा, मी विचारणार नाही. नाव बदलूनच लिहीन. तुमचंही, आणि… आईचंही. तिचं नाव आलं तर लोक तुमच्यापर्यंत पोचतील.

क्लेमेंटीन : बाईंचं नाव नाही येणार?

सुरुची : नाही. ‘एक शिक्षिका’ असं लिहावं लागेल.

क्लेमेंटीन : चालेल तुला?

सुरुची : तिने इतकी वर्षं चालवून घेतलं. मला शिकायला हवं.

सेलिन : धर गो ही चटई. हळू, हळू! त्या बाजूची पक्की झालीत, ती वेगळी काढ. हिला बांधून देते. पोरी, वाळक्या पानातच ठेव हां. फ्रिजमध्ये कोंबायची नाय.

सुरुची : मावशी, आत्ताच तर आली होती टोपली. ती सुकेळी अजून तशीच आहेत. मला खाववली नाहीत.

सेलिन : ती तिची. ही तुझी.

क्लेमेंटीन : घे. टोपलीही घेऊन जा. भरलेली.

सुरुची : मग परत आणून द्यायला यावं लागेल.

क्लेमेंटीन : तू नको येऊस. मीच येते न्यायला. बोलायचं तर त्या टेबलाशी बसूनच बोलेन. इथे आईचे कान, आणि मांडवावर कावळे. तू वही काढून ठेव.

सुरुची : कधी येता?

क्लेमेंटीन : शनिवारी. मोगरा आणते. दार तूच उघडशील ना?

सुरुची : मीच. आता दुसरं कोण आहे?

क्लेमेंटीन : आणि या वेळी तरी आत ये म्हणशील?

सुरुची : म्हणेन. पण आधी एकदा आत तोंड करून ओरडेन, ‘आई, तुझी ती आली!’